किती माणसांवर?

वरसे गावात माझ्या शेजारी एक काका राहतात. धरमतरकडच्या मिठागरात जन्म, कंपनीत नोकरी, आणि आता निवृत्तीनंतर पूर्णवेळ पेपर. रोज सकाळी कुंपणापाशी उभे राहून आरोग्याच्या पानावरचे मथळे ते मला मोठ्याने वाचून दाखवतात. मिठाविरुद्ध काही छापून आलं की बापजाद्यांना शिवी घातल्यासारखे भडकतात.

"प्रयोग माणसांवर केलाय का उंदरांवर? किती माणसं व्हती? पैसं कोणी दिलं?"

प्रश्न अगदी रास्त असतात, मीही मान डोलावतो. पण चहाने आयुष्य वाढतं असं छापून आलं, की हाच माणूस एकही प्रश्न न विचारता कात्री आणायला आत पळतो. त्यांच्या फ्रिजचा दरवाजा असल्या कात्रणांनी भरलाय.

परवा त्यांना चक्कर आली. काकूंनी हाक मारली म्हणून मी त्यांना रिक्षात घातलं आणि पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं. "सुकट, पापड, लोणचं, सगळं आजपासून बंद. मीठ तुम्हाला विष आहे."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "ह्ये तुमी किती माणसांवर बघितलंत?"

"एकाच," डॉक्टर म्हणाले. "माझ्यासमोर बसलाय."

परतताना अख्ख्या पुलावर ते डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते. चला, एकदाचं पटलं, असं मला वाटलं. रिक्षा घराकडे वळली तसे ते माझ्या कानाशी झुकले.

"एकच माणूस? येवढ्यावरून काय ठरत नाय."