लिंबांवरून गाडी कोणी काढायची

आमच्या अमरावतीच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला आधी जीपला वळसा घालावा लागे, मग दार सापडे. उंच, फोर बाय फोर, पुढे लोखंडी गार्ड आणि मागे लटकवलेलं जादा चाक. माझ्या नवऱ्याने ती शेंदूरजनाघाटच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यासाठी घेतली होती. पावसाळ्यात त्या चिखलाच्या पांदणवाटेतून दुसरी कुठली गाडी जात नव्हती, हे मी तेव्हाही मान्य करायचे. पण बगीच्यासाठी घेतलेली जीप पुढे लग्नाला, बारशाला, भाजी आणायलाही जाऊ लागली. गावात लोक ह्यांना आधी जीपच्या आवाजाने ओळखायचे, मग तोंडाने. मी साडी सांभाळत, दांडीला लोंबकळत आत चढायचे, तोवर हे स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेले असायचे.

मग साखरेने त्यांचे डोळे धरले. डाव्या डोळ्याचा पडदा पार गेला. उजव्याने कडेकडेचं दिसायचं आणि मधोमध धुकं. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल, उन्हाची तिरीप असेल, काच पुसायची राहिली असेल, असं चाललं होतं. एका दुपारी मी शेजारी बसलेले असताना त्यांनी जीप सरळ डिव्हायडरवर चढवली. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं. घरी येऊन त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि चहा मागितला. तो विषय तेवढ्यावर संपला, असं त्यांना वाटलं.

मला तसं वाटलं नाही. मी त्यांना धरून अकोल्याला नेलं, कारण पडद्याचे ज्या डॉक्टरांवर आमचा भरवसा होता, ते तिथे बसतात. तेव्हा भाच्याने त्याच्या गाडीतून नेलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती. उजव्या डोळ्यात जे उरलं होतं, ते टिकवायला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं आणि तारीख चुकवायची नाही. चुकवली तर तेही जाईल, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

पुढच्या तारखेला मीच जीप काढली. लायसन्स माझ्याकडे कधीचं होतं. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, आणि लग्नाआधी लुनावरून कॉलेजात जायचे तेव्हा रस्त्यावरची पोरं बाजूला व्हायची. हे डाव्या सीटवर बसले आणि तिथून त्यांनी संपूर्ण गाडी चालवली. माझ्याआधी त्यांचा पाय ब्रेकवर जायचा, जो त्यांच्या बाजूला नव्हताच. माझा हात गिअरवर, तर त्यांचा हात माझ्या हातावर. मूर्तिजापूरजवळ चहाला थांबलो. चहा झाल्यावर ते उजव्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, इथून पुढे मी नेतो, रस्ता मला पाठ आहे. मी किल्ली दिली नाही. ते डावीकडे बसेनात. धाब्यावरच्या लोकांनी आमच्याकडे बघून झालं, दुसऱ्यांदा चहा झाला, डॉक्टरांची वेळ गेली. शेवटी मी म्हटलं, चला घरी. घरी जाताना मात्र ते मुकाट्याने डावीकडे बसले.

त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर भांडी आपटली असती. पुढच्या तारखेला त्यांना सर्दी झाली. एसटीने चला म्हटलं, तर स्टँडवर ओळखीचे लोक भेटतात. भाड्याची गाडी करू म्हटलं, तर परक्या माणसाच्या हातात जीव द्यायचा का. मी चालवते म्हटलं, तर त्यांनी एकदाच स्पष्ट सांगितलं, "माह्या जीपमंदी मी बाजूले बसनार नाई."

या वाक्यावर मी दोन दिवस चरफडले आणि तिसऱ्या दिवशी मला ते नीट कळलं. ते बाजूला बसायला तयार नव्हते ते त्यांच्या जीपमध्ये. त्या गाडीतली उजवी सीट त्यांच्या पाठीच्या आकाराची झाली होती. त्या सीटवर मला बसलेलं बघणं म्हणजे आपण जिवंतपणी आपला फोटो भिंतीवर बघणं. तेव्हा जीप जायला हवी होती. मी ठरवलं आणि माझं एकदा ठरलं की घरातल्यांना ते माझ्या पदर खोचण्यावरून कळतं.

जीप देऊन छोटी गाडी घेऊ, असं त्यांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग भडकले. पावसाळ्यात बगीच्यात तुझी ती डबडी गाडी जाईल का, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मी म्हटलं, बगीच्यातला माल आपण तसाही झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकतो, फळ तोच तोडतो, चिखलात जायचं ते त्याने. धाकट्या दिराने फोन करून सांगितलं की विकू नका, मला द्या, जीप घरातच राहील. मी नाही म्हटलं. घरात राहिली असती तर हे रोज जाऊन तिच्यात बसले असते.

ह्यांचा एक धडा होता, जो ते बगीच्यात येणाऱ्या प्रत्येकाला द्यायचे. ओल्या काळ्या मातीत गाडी घातली की थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही, ब्रेकला तर पायही लावायचा नाही. एका चालीने निघायचं. मध्येच विचार करत थांबलेला माणूस तिथेच रुततो आणि मग बैलजोडी आणावी लागते. मी त्यांना म्हटलं, "तुमीच शिकवलं ना? मी आता मातीत गाडी घातली हाये. मले थांबवू नोका."

त्यावर ते जेवायला बसले. मी त्याला होकार समजले.

शोरूममध्ये मी एकटीच गेले. सेल्समनने माझ्याकडे, माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि पर्सकडे पाहिलं आणि मला एका दुधी रंगाच्या ऑटोमॅटिककडे नेलं. मॅडम, सिटीत चालवायला एकदम सोपी, क्लचची कटकट नाही. तिच्या मागे एक निळी बुटकी गाडी उभी होती. रुंद टायर, मागे दोन धुराडी, बसकी आणि रागावल्यासारखी. मला ती बघताच आवडली. ती टर्बो आहे मॅडम, जास्त करून तरुण मुलं घेतात, असं तो म्हणाला. मी म्हटलं, हिची किल्ली आण.

बडनेऱ्याच्या बाजूला मोकळा रस्ता लागला तेव्हा मी पाय दाबला. क्षणभर काही झालं नाही, आणि मग झोक्यावर बसल्यावर मागून कोणीतरी जोरात ढकलावं तशी गाडी निघाली. सेल्समनने वरची दांडी पकडली. मी हसत होते. इतकं मोकळं मी कधी हसले होते, मला आठवेना. इथे मला खोटं बोलायचं नाही. दुधी गाडीनेही अकोला आलंच असतं. निळी गाडी मी माझ्यासाठी घेतली. इतकी वर्षं दांडीला लोंबकळून चढले, आता मला माझ्या मनासारखं बसायचं होतं.

गाडी मिळायचा दिवस मी मुद्दाम अकोल्याच्या तारखेचा ठरवला. सकाळी गाडी घ्यायची आणि तशीच डॉक्टरकडे न्यायची. माझी जीप मीच देईन, असं म्हणून हे सोबत आले. जीप शोरूमपर्यंत मी चालवली, शेवटची खेप म्हणून हे शेजारी डोळे मिटून बसले होते. तिथे उतरून त्यांनी बॉनेटवर एकदा हात ठेवला. शोरूमच्या माणसाने जीप मागच्या आवारात नेली. आवाज बंद होईपर्यंत हे तिकडे कान करून उभे होते, आणि मला फार वाईट वाटलं. पण मी जागची हलले नाही.

समोर निळी गाडी पूजेला उभी होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा भरगच्च हार, चारही चाकांखाली एकेक लिंबू. आमच्याकडे नवी गाडी पहिल्यांदा लिंबांवरून काढतो तो घरचा कर्ता माणूस. नारळ फुटल्यावर शोरूमच्या लोकांनी फोटोसाठी पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली आणली आणि ती अर्थातच ह्यांच्या हातात दिली. टाळ्या झाल्या. मग खरी किल्लीही ह्यांच्याच हातात गेली. सेल्समन म्हणाला, या साहेब, लिंबांवरून काढा. त्या बिचाऱ्याला काय माहीत. हे उजव्या दाराने आत बसले.

मी दाराजवळच होते. चारचौघांत त्यांच्या हातून किल्ली ओढून घेणं मला जमलं नसतं आणि गप्प राहणंही जमणार नव्हतं. सेल्समनने बटन कुठे दाबायचं ते दाखवलं आणि तो बाजूला झाला. इंजिन सुरू झालं. मी चालत पुढे गेले आणि गाडीच्या समोर, बंपरला गुडघे टेकतील अशी उभी राहिले. अंगावर माझी हळदी रंगाची साडी होती. काचेतून ते सरळ माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान डाव्या खिडकीकडे वळवली आणि विचारलं, "कुठी राहिली वं? बस ना लवकर."

"समोर आहो," मी म्हटलं. "गाडीच्या समोर. तुमच्या पुढ्यात."

सेल्समनचं हसू तिथेच थांबलं. इंजिन चालूच होतं आणि माझा नवरा हट्टी आहे. ते स्टिअरिंगवर वाकले. मधलं न दिसणारी माणसं करतात तशी मान तिरपी करून त्यांनी डोळ्याच्या कडेने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बटन दाबून इंजिन बंद केलं.

"पिवळं दिसलं होतं मले," ते म्हणाले. "मले वाटलं, हार हाये."

ते उतरले, हाताने गाडी चाचपत पुढून आले. माझ्यापाशी पोचल्यावर त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला आणि तिथे थोडा वेळ राहिला. मग पलीकडे जाऊन त्यांनी डावं दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला. "चाल," ते म्हणाले, "तूच काढ."

मी लिंबांवरून गाडी काढली. लिंबं फुटल्याचं मला कळलंसुद्धा नाही, त्यांनीच सांगितलं, फुटली म्हणून.

अकोल्याच्या रस्त्याला लागलो. हाच रस्ता खड्ड्यांचा होता तेव्हा जीप बरी वाटायची, आता तो तुळतुळीत झाला आहे. ह्यांचे हात मांडीवर, पाय पसरलेले. मूर्तिजापूर गेलं, मी चहाला थांबले नाही, त्यांनीही थांब म्हटलं नाही. पुढे एका ट्रकला मागे टाकताना टर्बोने ढकललं, तशी त्यांनी मान उचलली आणि विचारलं की हा आवाज कशाचा. मी समजावून सांगितलं, गणित शिकवते तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या ट्रकच्या वेळी म्हणाले, आता दाब.

डॉक्टर रागावले. रागवायचा त्यांना हक्क होता. चुकलेल्या तारखांत थोडी नजर गेली होती, ती गेलीच. बाकीची हातात आहे, इथून पुढे सांभाळा, एवढं बोलून त्यांनी इंजेक्शन दिलं आणि उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काढायची नव्हती, म्हणजे परतीच्या वाटेवर ह्यांना काहीच दिसणार नव्हतं. मी त्यांना हाताला धरून गाडीपर्यंत आणलं. बुटकी गाडी, डोकं आपटू नये म्हणून मी त्यांच्या टाळूवर हात धरला.

बोरगाव मागे पडलं तेव्हा त्यांचा फोन वाजला. आमच्या बगीच्याचा व्यापारी होता. त्याचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. आंबिया बहाराची संत्री चांगली धरली आहेत, रविवारी जीप काढा आणि या, दोघं मिळून बगीचा फिरून पाहू, असं तो म्हणत होता. आता हे कोणता बहाणा सांगतील, या धास्तीने माझा पाय पेडलवरून उचलला गेला.

"जीप इकली," ते म्हणाले. मग म्हणाले, "गाडी घेतली, पन ती माही नाई. तिची हाये. मले आता दिसत नाई बरोबर. ती मले आनन तवा येईन."

ही गोष्ट त्यांनी घराबाहेरच्या कोणाला पहिल्यांदाच सांगितली होती. फोन खिशात ठेवून त्यांनी पट्टीखालचा घाम पुसला आणि मी अजून तिथेच आहे ना, हे पाहायला माझ्या बाजूला हात केला. मी तो गिअरवर ठेवून घेतला, माझ्या हाताखाली. माझे डोळे भरून येत होते, पण त्या गाडीत ज्याला दिसतंय असं माणूस मी एकटीच होते. म्हणून रडायचं ते घरी जाऊन, असं ठरवलं आणि पाय दाबला.