नवख्यानं आधी बोलायचं

"कॉलेज शिकायला पाठवलंय तुला, बर्फात कडमडायला नाही," आई फोनवर म्हणाली. मी इथे परदेशात, रिकार्टनमधल्या भाड्याच्या खोलीत बुटांना मेण लावत बसले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तिथं काय काय करतात, हे मी सांगेन तेवढंच आईला ठाऊक. युनिव्हर्सिटीच्या गिर्यारोहण क्लबनं मला पहिल्यांदाच हिवाळी ट्रिपला घेतलं होतं. कुणाला जड झाले नाही, तर पुन्हा नेतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं खिंडीखालच्या उतारापाशी पोचलो. पीएचडी करणारी आमची लीडर, दोन मुलगे आणि मी. उतार ओलांडला की पलीकडे मुक्कामाची हट. आदल्या दिवशी वायव्येकडून येणारा नॉर्वेस्टर वारा झोडपत होता आणि त्यानं उडवलेलं बर्फ नेमकं याच अंगाला साचलं होतं.

बर्फाचे थर एकमेकांना किती धरून आहेत ते बघायला लीडरनं खड्डा खणला, कडेला बर्फाचा एक खांब कापून मोकळा केला आणि त्यावर फावडं ठेवून ती टपल्या मारू लागली. आधी मनगटातून, मग कोपरातून. खांद्यातून मारायची वेळ येण्याआधीच वरचा थर थोडा सरकला. मी खालचं बर्फ हातात घेतलं. भाजलेल्या रव्यासारखं सुटं, मूठ वळेना.

"चांगलंही नाही, वाईटही नाही," ती म्हणाली.

"आभाळ तरी बघा! एकदम झकास, स्वीट ॲज," एक मुलगा म्हणाला.

"थांब. तुझी पाळी शेवटून दुसरी."

क्लबची ही रीतच होती. पुढे जायचं का, हे सगळ्यात नवख्यानं आधी सांगायचं, लीडरनं शेवटी. आणि एकानं नको म्हटलं की सगळ्यांचं नको. मी क्लासमध्येसुद्धा दुसरं कुणी उत्तर देईपर्यंत हात वर करत नाही. सवयीनं लीडरच्या चेहऱ्याकडे बघायला गेले, तर ती मुद्दाम आमच्याकडे पाठ करून दरीकडे बघत उभी.

सकाळी मी सगळ्यांच्या मागे चालत होते. तेव्हा पायाखालून दबका आवाज आला होता. धप्प. आत खोलवर थर खचला की असा आवाज येतो आणि मग वरचं बर्फ कधीही सुटू शकतं, हे आम्हाला शिकवलेलं. पण पुढचं कुणी वळलं नाही, वाराही होता. मला भास झाला असेल, म्हणून मी गप्प राहिले.

"मला येताना एक आवाज आला," मी म्हटलं. "म्हणजे, आला असं वाटतं."

"आम्हाला नाही आला," दुसरा मुलगा म्हणाला.

"तिला हो की नको, एवढंच विचारलंय," लीडर मागे न बघता म्हणाली.

"नको."

तिनं लगेच फावड्याचा दांडा काढून सॅकमध्ये खुपसला. "चला, परत."

"पुढच्या वेळी कान घरी ठेवून ये हं," पहिला मुलगा म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरानं.

परतताना पावलापावलाला मी कान देत होते. तो आवाज पुन्हा यावा आणि या तिघांनी ऐकावा, असं वाटत होतं. आणि तसं वाटलं की पाऊल आपोआप हलकं पडत होतं. गाडीपाशी पोचल्यावर वळून पाहिलं. उतार उन्हात तसाच, कुठे साधी चीरही नाही.

"मग? कोसळलं का ते बर्फ?" दुसऱ्या दिवशी आईनं फोनवर विचारलं.

"नाही."

"मग परत का आलात?"

"मी नको म्हटलं म्हणून."

"तुझ्या एकटीच्या म्हणण्यावर? सगळे?"

"हो."

"आणि तुझं चुकलं असलं तर?"

खिडकीतून लांबवर डोंगरांची पांढरी रांग दिसत होती. हवा अजून स्वच्छच होती. दुसरा एखादा गट आत्ता त्या उतारापाशी पोचला असेल का, त्यांच्यात सगळ्यात मागे कोण असेल, हेच माझ्या मनात घोळत होतं.

"माहीत नाही गं, आई," मी म्हटलं.