सुलभा मॅडमनी विहिरीतून वर काढलेल्या बायका

सुलभा मॅडम गेल्या तेव्हा आमचं बोलणं बंद होतं.

मीच बंद केलं होतं. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

सिल्वासात टोकरखाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. त्या अलिबागकडच्या, इथल्याच शाळेत मराठी शिकवायच्या. मिस्टर फार लवकर गेले, मुलगा अमेय पुण्यात. मी नाशिकची, गलोंड्याला यार्न कंपनीच्या लॅबमध्ये. डिव्होर्सनंतर बदली मागून इथे आले. ओळखीचं कुणी नव्हतं.

एका रविवारी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"केतकी, तुला मराठी टायपिंग येतं का गं?"

"येतं की."

"मग चहाला ये. काम आहे."

काम काय, तर जुन्या कादंबऱ्या नव्याने लिहायच्या. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या, कडक बाइंडिंगच्या. त्यातल्या तरुण विधवा, कुणावर जीव जडला म्हणून शेवटी विहिरीत उडी घेणाऱ्या. मॅडम त्यांना आजच्या सिल्वासात आणायच्या. नोकरी द्यायच्या, स्कूटी द्यायच्या. प्रेमात पाडायच्या आणि जिवंत ठेवायच्या.

दर रविवारी त्या सांगायच्या, मी लॅपटॉपवर टाइप करायचे आणि एका कथांच्या ॲपवर टाकायचे. नाव फक्त 'सुलभा', शेजारी त्यांचा फोटो.

त्यांच्या एका नायिकेचं आणि मेंटेनन्सच्या इंजिनिअरचं पहिलं भांडण कँटीनमध्ये, डाळीतल्या साखरेवरून होतं. ते माझंच भांडण. मी एकदा वैतागून सांगितलं होतं, त्यांनी उचललं.

"ब्लू टिक म्हणजे नक्की काय गं?"

"वाचलं, पण उत्तर दिलं नाही."

"म्हणजे पत्र पोचायचं आणि माणूस गप्प बसायचा, तसंच की!"

मी त्यांना चिडवायचे. "मॅडम, मूळ लेखकाने मारलीय तिला. तुम्ही सरळ लग्न लावताय."

"लेखक तरुण असेल तेव्हा. मी अठ्ठावन्नची आहे. मला कुणाला मारायची हौस नाही."

तीन कादंबऱ्या झाल्या. वाचणारे कमेंट करायचे, वाट बघायचे. मॅडम प्रत्येकाला उत्तर द्यायच्या, शुद्धलेखन तपासून.

तिसरीत नायिकेला एक लहान मुलगा होता. तो मेंटेनन्सवाला इंजिनिअर तिला मागणी घालतो, तो सीन चालला होता. मॅडम मध्येच थांबल्या.

मग म्हणाल्या, "तो म्हणतो, मुलासकट ये."

मी टाइप केलं.

"हे वाक्य बदलू नकोस कधी."

मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दिवाळीला अमेय आला. त्याच्या सासरच्या कुणीतरी ॲपवर मॅडमचा फोटो ओळखला होता. मी फराळाचा डबा द्यायला खाली गेले तर आतून आवाज.

"आई, या वयात रोमान्स? माझ्या सासरचे वाचतायत!"

मी डबा घेऊन तशीच परत वर आले.

तो गेल्यावर त्या वर आल्या. "केतकी, ते सगळं काढून टाकायचं कसं, दाखव."

मी म्हटलं, "मी नाही दाखवणार."

"अगं, मुलाला त्रास होतोय."

"बायकांना विहिरीतून बाहेर काढायच्या गोष्टी करता, आणि स्वतः मुलाच्या एका बोलण्याला घाबरता?"

त्या उठल्या. चप्पल घालताना फक्त म्हणाल्या, "बरं."

डिलीट करायला त्या स्वतःच शिकल्या. दोन दिवसांनी ॲपवर बघितलं तर काहीच नव्हतं.

त्यानंतर अडीच-तीन महिने फक्त जिन्यात भेट. त्या विचारायच्या, "जेवलीस?" मी "हो" म्हणून चढून जायचे. रविवारी कपडे धुवायचे, परत परत. खाली त्यांच्या कपबशीचा आवाज यायचा.

फेब्रुवारीत, दुपारी, मी लॅबमध्ये होते. समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेनचा फोन आला. "तमारा टीचर नथी रह्यां."

स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या गेल्या. हार्ट.

शोकसभेत शाळेतले सगळे बोलले. शिस्त, बोर्डाचे निकाल, मोत्यासारखं अक्षर. कादंबऱ्यांचं कुणीच बोललं नाही. ज्यांनी वाचल्या होत्या तेही नाही.

"अजून कुणाला बोलायचंय?" असं विचारलं.

मी शेवटच्या रांगेत होते. हात वर केला नाही.

पण तिन्ही कादंबऱ्या माझ्या लॅपटॉपवर होत्या. वर्षभर मी ते फोल्डर उघडलं नाही. मागच्या आठवड्यात धीर करून अमेयला फोन लावला. त्याने एकही वाचली नव्हती. मी त्याला तेवढं एकच प्रकरण पाठवलं, मागणीचं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

म्हणाला, "मी नववीत होतो. एक काका यायचे आमच्याकडे. चांगले होते. मी आईला सांगितलं, ते परत आले तर मी जेवणार नाही."

"मग?"

"नाही आले. आईने कधी विषय काढला नाही."

तोच पुढे म्हणाला,

"ताई, सगळं परत टाका. आईच्या नावाने, फोटोसकट. आणि हे मी सांगितलेलं पण लिहा."

आज सकाळी तिन्ही परत टाकल्या. 'ते वाक्य' आहे तसंच आहे.

खालचा फ्लॅट रिकामाच आहे. जिना उतरताना मी अजून त्यांच्या दारापाशी हळू होते. सिल्वासात मला 'जेवलीस?' विचारणारं आता कुणी नाही.

मॅडम, तुम्ही घाबरला नव्हतात. एकाच मुलासाठी दोनदा मागे सरलात. मला ते कळायला वर्ष लागलं.

त्या दिवशी तुमच्यामागून जिना उतरून यायला हवं होतं मी.

माफ करा. मनापासून श्रद्धांजली.