इवाई, मी आणि चालता पट्टा

माझी तब्येत ठणठणीत आहे. ती तशी आहे हे सिद्ध करायला मी दवाखान्यात गेलो आणि आमच्या प्राजूची सोयरीक मोडता मोडता राहिली.

प्राजू म्हणजे आमची एकुलती एक लेक. तिचं वडनेरच्या एका मुलाशी जवळजवळ जमलं होतं. (आमच्याकडे 'जवळजवळ' म्हणजे दोन्हीकडची माणसं एकमेकांची गुपचूप चौकशी करत फिरतात, तो काळ.) साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, घालायचा म्हणून मी जुना सफारी काढला, तर बटणाची आणि काजाची भेटच होईना! प्राजू म्हणाली, "बाबा, आपल्या आंजीत आता जिम निघाली. जा नं तिथं."

गेलो. जिमवाल्या पोराने बाजारात बैल पाहावा तसं मला पुढून-मागून पाहिलं.

"काका, आधी दवाखान्यात तपासणी करून या. बीपी, शुगर, आन् ट्रेडमिल टेस्ट. त्याबिगर मी तुमच्या वयाच्या माणसाले डंबेल धरू देत नाई."

माझा संशय तिथेच जागा झाला. व्यायामाला आलेल्या धडधाकट माणसाला हा दवाखान्यात कशाला पाठवतो? नक्कीच डॉक्टरशी साटंलोटं!

"डॉक्टर तुह्या सोयऱ्यातला हाय काय रे?"

"काका, तुमी मशीनवर आडवे झाले तं लोकं माह्या जिमले कुलूप लावतीन!"

घरी बायकोला वेगळाच संशय. "जाचं तं जा, पण कोणाले दिसू नोका. पोरीचा बाप हार्टच्या डॉक्टरपाशी दिसला, एवढं वडनेरले समजलं तं झालं! म्हणतीन, घराण्यातच दोष हाय. आपल्या गल्लीतल्या पोरीचं अशाच बोभाट्यानं मोडलं, याद हाय नं?"

याद होतं. म्हणून मी तोंडाला दुपट्टा गुंडाळला, एसटीत सगळ्यात मागे बसलो आणि वर्धा गाठलं. टेस्टला बूट घालून या, असं दवाखान्यातून कळवलं होतं. प्राजूने बूट आणले ते पोपटी! तोंड झाकलं होतं, पण पाय पुलगावपर्यंत दिसत होते.

दवाखान्यातल्या बाकड्यावर माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, त्याखाली भगभगीत नारंगी बूट, आणि तोंडाला माझ्यासारखाच दुपट्टा. हा माणूस काहीतरी लपवतो आहे, हे मी तेव्हाच ताडलं. मी पाणी प्यायला दुपट्टा सोडला. त्यांनी घाम पुसायला सोडला. पाहतो तर काय, देवरावजी! मुलाचे वडील! माझे होणारे इवाई!

"तुमी? इथं?" ते ताडकन उठले.

"पेशंट पाहाले आलतो," मी ठोकून दिलं. "मामसासरे भरती हायेत." (मामसासरे त्या वेळी शेतात तुरीला पाणी देत होते.) "आन् तुमी काऊन आले?"

"मीबी पेशंटच पाहाले. मावसभाऊ हाय."

"आन् बूट?"

"पायाले आराम पडते. तुमचे?"

"मलेबी आरामच पडते."

दोघेही खाली बसलो. माझी खात्री पटली, हा माणूस माझी चौकशी करायला आंजीपासून माझ्या मागावर आला आहे.

एवढ्यावर निभावलं असतं. पण सोयऱ्याचं माणूस दवाखान्यात आहे असं कळल्यावर त्याला न भेटता निघून जाणं, हे आमच्या भागात सोयरीक तोडल्यातच जमा. देवरावजींनी खाली जाऊन बिस्किटाचा पुडा आणला.

"चाला, तुमच्या मामसासऱ्यायले भेटून घेऊ."

"झोपले असतीन."

"झोपले तं उठवू!"

आता मामसासरा आणायचा कुठून? वॉर्डात शिरलो आणि त्यातल्या त्यात गाढ झोपलेला एक म्हातारा निवडला. "हेच ते," मी कुजबुजलो. पण आजाऱ्याला भेटायचं म्हणजे सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं पाहिजे, ही आपली रीत. देवरावजी ओरडले, "रामराम मामाजी! कसं वाटून राह्यलं आता?"

म्हातारा दचकून जागा झाला. "कोण हो तुमी?"

"पाहा," मी सुस्कारा सोडला. "माणसं ओळखाचं बंद झालं."

देवरावजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मले समदे ओळखू येतेत!" म्हातारा खवळला. "हा पोपटी बुटाचा कोण हाय, तेवढं सांगा!" (बिस्किटाचा पुडा मात्र त्याने बोलता बोलता उशीखाली सरकवला.)

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आता तुमचे मावसभाऊ."

देवरावजींचा चेहरा पडला. शेजारच्या वॉर्डात त्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि डोक्यावरून चादर घेतलेल्या एका पेशंटकडे बोट दाखवलं. "झोपला हाय. उठवू नोका."

रीत म्हणजे रीत! मी गर्जना केली, "रामराम भाऊ!"

चादर फेकून एक बाई उठून बसली. पेशंट एक्स-रेला गेला होता आणि त्याची बायको त्याच्या कॉटवर डुलकी काढत होती!

"हे... हे आमच्या वहिनी," देवरावजी चाचरले.

"कोणाची वहिनी? कोण हाय रे तू?"

आम्ही दोघेही बूट वाजवत बाकड्यापर्यंत पळालो.

आता मला कोडं पडलं. मावसभाऊ नाही, मग हा माणूस इथे कशाला आला? आजारी तर नाही? आजार लपवणाऱ्या घरात पोर द्यायची? मन चिंती ते वैरी न चिंती! ते माझ्या छातीकडे टक लावून पाहत होते, म्हणजे त्यांच्याही मनात तेच चाललं होतं. स्थळ चांगलं होतं, प्राजूला तो मुलगा मनापासून आवडला होता, आणि एका सफारीपायी मी सगळ्यावर पाणी ओतायला निघालो होतो.

तेवढ्यात आतून एक सिस्टर आल्या. "आंजीचे मधुकरराव! वडनेरचे देवराव! ट्रेडमिलला चला!"

आम्ही दोघेही समोरच्या भिंतीकडे पाहत बसलो.

"अहो, तुम्हीच ना? दोघांचे नंबर एकाच मोबाइलवरून लागलेत. प्राजक्ता म्हणून कोणीतरी लावलेत."

देवरावजी हळूच माझ्याकडे वळले. "आमचं पोट्टं म्हणे, बाबा, सकाळचं फिरणं सुरू करा, पण आधी तपासून घ्या. म्हणजे मांगून हे सूनबाई बोलत होती!" (आम्हाला आधी सांगितलं असतं, तर दोघांपैकी एकही आला नसता. पोरगी माझीच आहे.)

'सूनबाई' ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पण देवरावजींचा संशय पुरता फिटला नव्हता. "तुमी जा आधी," ते म्हणाले. "मी दारातून पाहातो."

छातीला तारा लावून मी पट्ट्यावर चढलो. दाराच्या काचेला देवरावजींचं नाक चिकटलेलं. वेग वाढला. धाप लागली, तरी मी काचेकडे पाहून हसत होतो.

"काका, पुरे, थांबवते," सिस्टर म्हणाल्या.

"थांबवू नोका! वाढवा अजून!"

"काका, टेस्ट झाली. डॉक्टर म्हणतात, हृदय अगदी छान आहे."

एवढं ऐकलं आणि मी आनंदाने इवायांकडे वळून दोन्ही हात जोडले. पट्टा अजून चालूच होता! त्याने मला उचलून थेट मागच्या भिंतीशी नेऊन ठेवलं. पोपटी बूट एकीकडे, मी एकीकडे, आणि घोटा तिसरीकडेच.

साक्षगंधात मी प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसलो होतो. पाहुण्यांत कुजबुज सुरू झालीच. "पोरीच्या बापाले काय झालं हो? काही जुनं दुखणं तं नाई?" बायकोने धसकून माझ्याकडे पाहिलं.

देवरावजी भर मांडवात उभे राहिले. "माह्या इवायाचं हार्ट एक नंबर हाय! मी सोता डोयानं पाह्यलं! फक्त डोक्याची तपासणी राह्यली!"

सगळा मांडव हसला. सगळ्यात मोठ्याने आमची बायको. मीही हसलो, कारण पोरीचं जमलं होतं. डोक्याच्या तपासणीला मात्र मी काही गेलो नाही. त्या बाबतीत कोणाच्याच मनात संशय उरला नव्हता.