गांजा मेहुण्याचा, फाईल माझी

चहा आधी खाली ठेवा. मध्येच हसू येऊन ठसका लागला, तर तुम्हाला गाडीत घालून दवाखान्यात न्यायची मला आता परवानगी नाही. कामून नाही, तेच सांगायलोय. मूर्खपणा सगळा माझाच आहे, वाटून घ्यायला कुणी तयार नाही!

गेल्या शिवरात्रीला मादन हिप्परग्याहून मेहुण्याच्या बायकोचा फोन आला.

"दाजी, लवकर या. हे ज्वारीत उभं राहून भांडायलेत!"

"कुणासंगं?"

"ज्वारीसंगं!"

मी चिटगुप्प्यात शाळेची व्हॅन चालवतो. तीच घेऊन पळालो. मेहुणेबुवांनी भांगेच्या दोन गोळ्या खाऊन वर चिलीम ओढली होती. मला बघताच गळ्यात पडले.

"दाजी, कणसं माझ्याबद्दल वंगाळ बोलायलीत. अन् तीबी कानडीत!"

तसाच उचलून गुलबर्ग्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेला. खिडकीतून आवाज आला, "पेशंटचं नाव?"

मेहुणा भ्रमात होता खरा, पण तेवढ्यापुरता शुद्धीवर आला. माझा हात दाबून म्हणाला, "दाजी, मी पंचायतीला उभा हाय. समोरच्या पार्टीचा भाऊबंद इथंच वार्डात कामाला हाय. माझं नाव कागदावर आलं की संपलो मी!"

आता आमच्याकडं सोयऱ्याला काय देत नाहीत? मोटारसायकल देतात, लग्नाला कोट देतात. मी नाव दिलं. वर आधार कार्डही माझंच दिलं. त्यातल्या फोटोत मी कुणासारखाही दिसतो!

तीन दिवसांत मेहुणा बरा झाला. पुढं निवडूनही आला. हार घालताना मीच सगळ्यात पुढं होतो. बावळट!

आणि जूनमध्ये माझं लायसन संपलं. नव्याला डॉक्टरचा दाखला पाहिजे, आणि शाळा तर सोमवारी उघडणार. ओळखीचा दवाखाना बरा म्हणून तिथंच गेलो. रेकॉर्डचे कारकून सिद्दण्णा यांनी कॉम्प्युटरमध्ये माझ्या आधारचा नंबर घातला आणि खुर्ची थोडी मागं सरकवली.

"अण्णा, तुम्हाला एफ बारा पॉइंट पाच लागलाय."

"लागलाय? काय मिळतं त्यात?"

"वेड. गांजानं आलेलं. हरेक आजाराला एक नंबर असतो, त्यो तुमचा. ह्या नंबरवर शाळेची गाडी मिळत न्हाई."

"मग खोडा की!"

"कोड खोडत नसतात, अण्णा. डॉक्टरनं तपासून लिहून दिलं तर बदलतात. घरचं माणूस घेऊन या."

मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, मेंबर झाल्यावर मी तिथं कसा यिऊ? लोक काय म्हणतील?" फोन ठेवतो तर बायको, म्हणजे आमची मंडळी, कमरेवर हात देऊन उभी. "माझ्या भावाचं नाव तिथं काढलं तर बघा!"

शेवटी घरचं माणूस म्हणून तिलाच घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई उदगीरकडच्या, मराठी बोलणाऱ्या. मला वाटलं, चला, निदान समजून तरी घेतील. त्यांनी फाईल उघडली आणि अगदी मायेनं विचारलं, "आता ज्वारी बोलते का तुमच्याशी?"

"न्हाई हो बाई! ती माझ्याशी कधीच बोलली न्हाई. ती मेहुण्याशी बोलली!"

बाईंनी लिहून घेतलं. मंडळी ताडकन म्हणाली, "माझा भाऊ गांजाला शिवत न्हाई, बाई. तेव्हा दवाखान्यात कोण होतं, ते तुमच्या कागदावरच हाय की!"

"मी वेडा न्हाई!" मी ओरडलो.

बाई लिहिता लिहिता पुटपुटल्या, "आजाराची जाणीव नाही." सांगा, याच्यावर माणसानं काय बोलावं? बोलावं तर लिहितात, गप्प बसावं तर तेही लिहितात!

मग त्या मंडळीकडं वळल्या. "न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगतात का?"

"रोजच्या रोज!"

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून. त्याच्या आधीचं सासूबाईला माहीत."

"एखादी सांगा."

एखादी? बाई, मोठं धरणच फोडलंत तुम्ही! मी विहिरीत मगर धरली होती, कलेक्टर मला विचारल्याबिगर तुरीच्या डाळीचा भाव ठरवत नाही, एकदा वाघ व्हॅनमध्ये बसून पुढच्या थांब्यावर उतरला, असं सगळं तिनं तारीखवार सांगितलं. बाईंचं पान भरलं. त्यांनी दुसरं घेतलं.

"माझी लघवी तपासा!" मी टेबलावर हात आपटला. "गांजाचा कण सापडला तर मिशी उतरवतो!"

तपासली. एक कण सापडला नाही. सगळ्यांना कबूल, रिपोर्ट स्वच्छ! मी मिशीला पीळ देत रेकॉर्डच्या खिडकीशी गेलो.

"बदला आता कोड!"

सिद्दण्णांनी बाईंचा कागद वाचला, बटणं दाबली. "बदलला, अण्णा. एफ बारा गेला."

"वा रे पठ्ठ्या!"

"एफ बावीस आला."

"ते काय असतं?"

"कायमचा भ्रम. गांजा नसताना आलेला." त्यांनी चष्मा काढला. मला वाटतं, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "कामून भांडलाव, अण्णा? बारा होता तेव्हा गांजा सोडला म्हणून लिहिलं असतं, बाईंनी सहा महिन्यांत दाखला दिला असता. आता तुम्ही सोडणार काय?"

मी तोंड उघडायच्या आत मागून मंडळी म्हणाली, "थापा!"

आणि सिद्दण्णांनी तेही लिहून घेतलं.