थांबा, आम्ही येतोय!

"वेबसाइट उघडली की डोळा उघडला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. आमच्या मालकांनी टाळ्या पिटायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. सांगलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट, आणि ती करणार आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात मी. मी म्हटलं, "अहो, बघणाऱ्याला मुळात नीट दिसत नसतं. फोन नंबर सगळ्यात वर ठेवू, ठळक." मालक हसले. "मॅडम, नंबर काय भिंतीवरपण रंगवता येतो. लोकांना काहीतरी भारी दाखवा."

दाखवलं! पापणी फडफडायची, बुबुळ गरागरा फिरायचं, त्यातून डॉक्टरांचे फोटो उडत यायचे. एवढं लटांबर लोड होईपर्यंत पडदा रिकामा दिसू नये म्हणून एक ओळ हवी होती. ती मीच लिहिली: 'थांबा, आम्ही येतोय!' मालक खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू? कवठे महांकाळला वडिलांना फोन करून सांगितलं, ही वेबसाइट तुमच्या लेकीनं केलीय.

वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून घरी एकटेच. एका मंगळवारी सकाळी उठले तर डाव्या डोळ्यापुढं खालून काळा पडदा चढत होता. त्यांना लेकीची वेबसाइट आठवली, मोबाइलवर उघडली. तिथली रेंज ती कसली! डोळा अर्धवट उघडून अडकला, आणि खाली माझी ओळ.

दुसरं कुणी असतं तर चार शिव्या हासडून फोन बाजूला टाकला असता. वडिलांनी हुकूम मानला. निरोप पोचलाय, दवाखान्याची गाडी निघालीय, असं धरून चालले. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, जुने रिपोर्ट पिशवीत भरले आणि दारात खुर्ची टाकून बसले.

संध्याकाळी मी सहज फोन केला. "ठेव, ठेव," म्हणाले, "दवाखान्याची गाडी यायची हाय. त्यांचा फोन येईल."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या वेबसाइटवर लिवलंय की. सकाळधरनं बसलोय."

डोळ्याला काय झालंय ते मी विचारून घेतलं. फोनवरच शेजाऱ्यांच्या हातापाया पडून वडिलांना सांगलीला धाडलं, मी साताऱ्याहून निघाले. डॉक्टरांनी तपासलं आणि मलाच झापलं. "आतला पडदा सुटलाय. सकाळीच आणलं असतं तर नजर वाचायची शक्यता होती. दिवसभर काय करत होता?"

"तुमचा डोळा उघडायची वाट बघत होते," मी म्हटलं. दवाखाना ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो. मी ती पापणी, ते बुबुळ, सगळं उपटून टाकलं. पांढरा पडदा, काळी अक्षरं, वर नंबर. मालकांचा फोन आला, "मॅडम, लय ओकंबोकं दिसतंय हो!" असा संताप झाला की सांगता सोय नाही. "दिसतंय ना?" मी ओरडले. "मग झालं तर!"

मालकांवर ओरडता येतं, डॉक्टरांवर ओरडता येतं. डोळ्याला पट्टी बांधलेले वडील कॉटवर बसले होते. त्यांनी विचारलं, "ते थांबा, आमी येतोय, कुणी लिवलं हुतं गं?"

"मी."

"चांगलं लिवलंस," ते म्हणाले. "मला खरंच वाटलं."