बॉयलरवरचं पीठ

त्रिचीच्या विमानतळावरून टॅक्सी निघाली तेव्हा मी मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होतो. तंजावूरला अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, ते सांगायचं होतं. आधीच्या प्रत्येक फेरीत ते गिळून कॅनडाला, विनिपेगला परत गेलो होतो.

"सार, गाव कुठलं?" चालकाने तमिळमध्ये विचारलं.

"तंजावूरच."

"मग या उकाड्यात असले जाड बूट?"

माझी बायको जानकी खुदकन हसली. दुतर्फा केळीच्या बागा, पाणी भरलेली भातखाचरं. मग गच्च्यांच्या वरून मोठ्या देवळाचं शिखर दिसलं. शाळेत असताना सायकलवरून येताना ते दिसलं की भूक लागायची. आजही लागली. चालकाने आम्हाला भलत्याच गल्लीत उतरवलं. बॅगा ओढत घर गाठेपर्यंत त्या बुटांत माझे पाय उकडून निघाले.

"आलास रे मोहना!" अक्का दारातच होती. आमच्या घरची मराठी तमिळ हेलात बोलली जाते. तो हेल कानावर पडला आणि प्रवासाचा शीण उतरला. "केवढा वाळलास! जानकी, जेवतो की नाही हा?"

संध्याकाळी मावु (इडलीचं पीठ) वाटून झालं. आमच्याकडे त्यात मीठ घालून ते हाताने कालवतात. ज्याच्या हाताला गुण, त्याचं पीठ फुगतं, असं मानतात. जानकीने बांगड्या मागे सारून पातेल्याकडे हात नेला. अक्काने ते हसत ओढून घेतलं.

"नको ग बाई! आमच्याकडे बॉयलर नाही, पण तुझा काय भरवसा!"

जानकीही हसली. दरवेळी हसते तशी.

हा विनोद विनिपेगच्या आमच्या पहिल्या हिवाळ्यातला. मुलगी तान्ही होती, चार बिऱ्हाडांच्या इमारतीत भाड्याने राहत होतो. त्या थंडीत पीठ फुगेना. जानकीने पातेलं शालीत गुंडाळून ठेवलं आणि म्हणाली, "आणखी एक दिवस थांबा." मला पोंगलच्या सकाळीच इडली हवी होती. ती बाळाला निजवत असताना मी पातेलं तळघरात नेऊन इमारत तापवणाऱ्या बॉयलरवर ठेवलं. पीठ फुगलं, उतू गेलं आणि बॉयलर बंद पडला. सगळी इमारत गारठली. घरमालकाने आम्हाला जागा सोडायला लावली. बर्फात, तान्हं मूल घेऊन, आम्ही दुसरं घर शोधलं.

घर का सोडलं, असं आईने फोनवर विचारलं. मी म्हणालो, "जानकीने पीठ बॉयलरवर ठेवलं." जानकी शेजारीच उभी होती. "तिच्या हाताला गुणच नाही," आई म्हणाली. तेव्हापासून या घरात जानकीला कुणी पीठ कालवू दिलं नाही. आणि मी ती गोष्ट जेवणाच्या पंगतीत रंगवून सांगत राहिलो.

"अक्का," मी म्हणालो, "ते पातेलं मी ठेवलं होतं."

"सेरी, सेरी (बरं, बरं). म्हातारपणी बायकोचा पुळका!"

"खरंच. हिने शालीत गुंडाळून ठेवलं होतं. मीच उचलून नेलं."

अक्काने जानकीकडे पाहिलं. "हो ग?"

'जाऊ द्या' म्हणेल, असं मला वाटलं.

"हो," जानकी म्हणाली.

"अय्यो! मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमचा मुलगा खोटं बोलतो, असं अत्तेंना (सासूबाईंना) कसं सांगायचं?"

अक्काने पातेलं तिच्यापुढे सरकवलं. जानकीने मीठ घातलं, मनगटापर्यंत हात बुडवला आणि सावकाश कालवत राहिली.

सकाळी इडल्या झाल्या. अक्काने त्या चवीने खाल्ल्या, पण माझ्याशी बोलली नाही. मग जवळच्या तिरुवैयारुला फिरायला निघालो; बसमध्ये दोघी एकत्र बसल्या, मी मागे. कावेरीला पाणी होतं. लहानपणी जिथे पोहायचो तो घाट मी दाखवला, तर दोघी भलतीकडेच बघत होत्या. बाजारात अक्काने अशोका (मुगाच्या डाळीचा तुपाळ हलवा) घेतला आणि आधी जानकीला दिला.

"मला?"

"तू थांब. उरला तर बघू."

उरला नाही.

परतताना विमानतळावर मी जानकीला विचारलं, "झालं ना एकदाचं मोकळं?"

"तुम्ही झालात," ती म्हणाली. "अत्ते मात्र तसंच समजून देवाघरी गेल्या."

परमुलखातल्या आमच्या संसाराच्या सगळ्या गोष्टी आजवर मीच सांगत आलो. सोसलं तिने आणि हशा मी घेतला.

विनिपेगला मुलगी गाडी घेऊन न्यायला आली. तीही हा विनोद ऐकतच मोठी झालेली.

"काय आई, या वेळीही आत्याने पातेलं लपवलं ना?"

"बाबांना विचार."

मी पहिल्यापासून सांगितलं, न रंगवता. एरवी जिथे सगळे हसतात, तिथे मुलीने गाडी हळू केली.

मग ती म्हणाली, "आई, तेव्हा तुला काय वाटलं होतं ग?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. जानकी सांगू लागली. घर आलं, गाडी थांबली, तरी आम्ही कुणी उतरलो नाही.